सापाची कात आणि माणसाची समजूत

एखाद्या गावात नवा रस्ता झाला, शाळेला पक्की इमारत मिळाली, तरुण मंडळी कामाला लागली, की आपण सहज म्हणून जातो, 'गावाने कात टाकली.' हे बोलताना साप कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो. वाक्प्रचार वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यातली मूळ वस्तू दिसेनाशी होते. आज त्या मूळ वस्तूकडेच पाहावयाचे आहे. कात म्हणजे विड्यातला कात नव्हे. बांधाच्या कडेला, वारुळापाशी किंवा गोठ्याच्या भिंतीतल्या फटीत अडकलेली सापाची पातळ, कागदासारखी कात.

तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? साप कात टाकतो, हे तर शेंबड्या पोराला ठाऊक असते. खरे आहे. पण साप कात टाकतो हे कळायला डोळे पुरतात. तो ती का टाकतो, कशी टाकतो हे कळायला माणसाला हजारो वर्षे लागली. इतिहास म्हणजे काही केवळ राजांच्या लढाया नव्हेत. एखादी चुकीची समजूत कशी जन्मली, किती काळ टिकली आणि कोणत्या पुराव्याने ढळली, हाही इतिहासच आहे.

सर्वांत जुन्या गोष्टीपासून सुरुवात करू. आजच्या इराकमध्ये मोसूल शहराजवळ निनवे नावाच्या प्राचीन नगरीचे अवशेष आहेत. तेथे गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मातीच्या हजारो विटा सापडल्या. त्यांवर खिळ्यांच्या टोकांसारख्या लिपीत मजकूर कोरलेला होता. १८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ या विद्वानाने त्यांतल्या एका विटेवर जलप्रलयाची कथा वाचली आणि सारे युरोप चकित झाले. ही वीट गिल्गमेश राजाच्या महाकाव्यातली अकरावी. जलप्रलयाने तिची कीर्ती झाली. पण आपल्या कामाची गोष्ट तिच्या शेवटी आहे. मित्राच्या मरणाने घाबरलेला गिल्गमेश अमरपणाच्या शोधात निघतो. अखेर समुद्राच्या तळातून तो एक वनस्पती काढून आणतो. ती खाल्ली की म्हातारा तरुण होतो. परतीच्या वाटेवर तो एका थंड पाण्याच्या तळ्यात अंघोळीला उतरतो. तेवढ्यात वासावर एक साप येतो, ती वनस्पती पळवतो आणि जाता जाता आपली कात टाकून जातो. राजा काठावर रडत बसतो.

पाहा, निरीक्षण बरोबर आहे. जुनी, मळकट कात मागे राहते आणि आतून लखलखीत साप बाहेर पडतो, हे त्या लोकांनी नीट पाहिले होते. चूक झाली ती निष्कर्षात. नवे दिसते ते तरुणच असणार, असे त्यांनी धरले. कातीला प्राचीन ग्रीक भाषेत जो शब्द होता, त्याचा अर्थच मुळी 'म्हातारपण'. साप आपले म्हातारपण काढून ठेवतो, ही कल्पना शब्दातच शिरून बसली होती.

आपल्याकडे हाच देखावा दुसऱ्या बाजूने पाहिला गेला. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनक राजाशी बोलत असताना वारुळावर पडलेल्या कातीचा दृष्टांत देतो. आत्मा निघून गेल्यावर देह तसा निर्जीव पडून राहतो, असा त्याचा आशय. बाबिलोनच्या कवीने पुढे निघून गेलेल्या सापाकडे पाहिले. उपनिषदातल्या ऋषीने मागे उरलेल्या कातीकडे पाहिले. एकाला कायाकल्प दिसला, दुसऱ्याला देहाचे नश्वरपण. वस्तू एकच, माणूस तीत आपल्या मनातला प्रश्न शोधत होता. सापाला स्वतःला काय होते, हे विचारायचे मात्र दोघांच्याही मनात नव्हते.

तो प्रश्न ग्रीसमधल्या ॲरिस्टॉटलने विचारला. त्याचा काळ ख्रिस्तपूर्व ३८४ ते ३२२. त्याने प्राण्यांविषयी जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात कातीवर मोजका पण फार चांगला मजकूर आहे. साप बिळातून बाहेर पडतो तेव्हा, म्हणजे वसंतात आणि पुन्हा शरदात कात टाकतो. सुरुवात डोळ्यांपासून होते आणि ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना साप आंधळा होत आहे असे वाटते. मग डोक्याची कात सुटते आणि एका दिवसरात्रीत शेपटीपर्यंत सारी निघून येते. निघताना आतली बाजू बाहेर येते. 'ज्यांना माहीत नाही त्यांना वाटते' हा त्याने घातलेला शेरा मला फार मोलाचा वाटतो. लोक काय म्हणतात आणि प्रत्यक्षात काय घडते, यांत त्याने फरक केला. सव्वादोन हजार वर्षांहून जुनी ही गोष्ट. पण 'कातीवर आलेला साप आंधळा असतो' हे वाक्य आजही तुम्हांआम्हांला गावोगाव ऐकू येते.

ॲरिस्टॉटलचा हा धागा पुढच्यांनी धरला असता तर बरे झाले असते. पण ज्ञान सरळ रेषेत पुढे जात नाही. इसवी सन ७९ मध्ये मरण पावलेल्या रोमन पंडित प्लिनीने लिहून ठेवले की, साप बडीशेपेचे झाड खातो, म्हणून त्याची कात सुटते आणि दृष्टी साफ होते. साप वनस्पती खात नाही, एवढे जरी कोणी पडताळले असते तरी हे मत टिकले नसते. पण ते कित्येक शतके पुस्तकातून पुस्तकात उतरत राहिले. छापील किंवा लिहिलेले ते खरे, ही समजूत फार जुनी आहे.

कातीच्या औषधांचेही तसेच. प्लिनीच्या ग्रंथात बाळंतपण सुलभ व्हावे म्हणून कमरेला कात बांधण्याचा उपाय आहे. आपल्या सुश्रुतसंहितेत वार अडकली असता सापाच्या कातीची धुरी सांगितली आहे. चीनमधल्या जुन्या औषधांतही कातीला स्थान आहे. रोम, भारत आणि चीन यांनी एकमेकांचे पाहून हे लिहिले असेलच असे नाही. कारण त्यामागचा तर्क साधा आहे. जी वस्तू सहज सुटून येते, तिच्यामुळे दुसरीही वस्तू सहज सुटावी. सारखेपणा दिसला की तेथे कार्यकारणाचे नाते आहे असे मानावयाचे, ही माणसाच्या मनाची मोठी खोड. 'कात तिजोरीत ठेवली की पैसा वाढतो' हाही त्याच जातीचा समज. शिक्षकांनी मुलांना तर्कशास्त्र शिकवताना यापेक्षा सोपे उदाहरण शोधण्याची गरज नाही. आणि हेही सांगून टाकतो, बाळंतिणीची वार अडकली तर आज जागा दवाखान्याची. कातीच्या धुरीत घालवलेला वेळ जिवावर बेतू शकतो.

आता आपल्याला समुद्रापलीकडे अमेरिकेत जावयाचे आहे. कारण कातीचा उलगडा होण्यास ज्या सापाने बराच हातभार लावला, तो तिकडचा. त्याचे इंग्रजी नाव कॉर्न स्नेक. आपण त्याला मकासाप म्हणू. अमेरिकेच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत तो सापडतो. बिनविषारी, लांबी साधारण तीन-चार हात भरायचीसुद्धा मारामार. अंगावर नारिंगी रंग आणि त्यावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके. पोटावर मात्र काळ्यापांढऱ्या चौकटी. या चौकटी रंगीत मक्याच्या कणसासारख्या दिसतात, म्हणून हे नाव पडले असे काही म्हणतात. मक्याच्या कणगीत उंदरांच्या मागे जातो म्हणून पडले, असे दुसरे म्हणतात. आपल्याकडे धामण जे काम करते, तेच तिकडे हा साप करतो. उंदीर खाऊन धान्य वाचवतो. आणि धामणीवर जसा गाईचे दूध पिण्याचा खोटा आळ येतो, तसा या बिचाऱ्याला त्याच्या ठिपक्यांमुळे विषारी समजून मारले जाते. उपकारकर्त्याची ओळख न पटणे, हे दोन्ही खंडांत सारखेच!

या सापाला शास्त्रीय नाव दिले स्वीडनच्या कार्ल लिनियसने, १७६६ साली. कॅरोलिनातून त्याला नमुने पाठवीत असे चार्ल्सटन गावचा एक स्कॉटिश डॉक्टर, अलेक्झांडर गार्डन. याच गार्डनच्या नावावरून एका फुलझाडाच्या कुळाला गार्डेनिया हे नाव मिळाले. त्या कुळातले एक झाड तुमच्या अंगणात असेल. आपण त्याला अनंत म्हणतो. अनंत हे तर आपल्या शेषनागाचेही नाव! दोन नावांची ही गाठ निव्वळ योगायोगाने पडली आहे. पण पांढऱ्याशुभ्र अनंताला पाहताना मकासापाचे नमुने पाठविणाऱ्या त्या डॉक्टरची आठवण ठेवायला काय हरकत आहे?

नाव मिळाले, तरी पुढली दोनशे वर्षे हा साप बहुतेक बाटलीतल्या अर्कात आणि चित्रांतच अभ्यासला गेला. मेलेला साप कात टाकीत नाही. त्यासाठी तो जिवंत, डोळ्यांसमोर आणि तोही वर्षानुवर्षे पाहिजे. हे साधले ते विसाव्या शतकात. १९५३ साली उत्तर कॅरोलिनात एक विलक्षण मकासाप सापडला. त्याच्या अंगात काळा रंगच नव्हता, डोळेही तांबडे. तो बर्नार्ड बेक्टेल या डॉक्टरकडे आला. बेक्टेल व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ होते, हे विशेष. त्यांनी त्या नराची साध्या मादीशी पैदास केली. पिले सगळी साधीच निघाली. मग पुढच्या पिढीत, १९६१ साली, काळा रंग नसलेली पिले अंड्यांतून बाहेर आली. मेंडेलने वाटाण्यांवर जो नियम दाखवला, तोच येथे सापांत दिसला. तेव्हापासून या सापाचे नाना रंग लोकांनी पैदाशीतून काढले आणि तो अमेरिका-युरोपातल्या हजारो घरांत काचेच्या पेटीत राहू लागला. वीस वीस वर्षे तो जगतो. त्याने कधी खाल्ले, कधी कात टाकली, याच्या तारखा पाळणारे लिहून ठेवू लागले.

अशा नोंदींतून काय दिसले? पिलू अंड्यातून निघाल्यावर सुमारे आठवड्या-दहा दिवसांत पहिली कात टाकते. लहानपणी, अंग भराभर वाढत असताना, महिना-दीड महिन्यातून एकदा. मोठेपणी वर्षातून काही थोड्या वेळा. म्हणजे 'वर्षातून दोनदाच' हे काही खरे नव्हे. वय, खाणे, ऊब यांवर ते अवलंबून असते. प्रत्येक वेळी क्रम मात्र ठरलेला. आधी अंगाचा रंग मंदावतो. मग डोळ्यांवर निळसर-दुधी साय आल्यासारखे दिसते. साप खाणे सोडतो, अंधारात दडून बसतो, हात लावल्यास चिडतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. न जाणणाऱ्याला वाटते, आजार बरा झाला. खरे तर कात टाकण्याची वेळ आता जवळ आलेली असते. पुढे तीन-चार दिवसांत तो नाकाचे टोक दगडावर, लाकडावर घासतो. ओठांच्या कडेशी कात सुटते. आणि साप तीतून पुढे सरकत निघून जातो. पायमोजा वरून उलटा करीत काढावा तशी कात मागे राहते, आतली बाजू बाहेर. ॲरिस्टॉटलचे हे वाक्य तंतोतंत खरे ठरले.

आता 'का' याचे उत्तर. ते सूक्ष्मदर्शकाने दिले. १९६५ साली पॉल माडरसन या शास्त्रज्ञाने सापांच्या कातडीचे पातळ छेद तपासून या चक्राच्या सहा अवस्था मांडल्या. आपल्या अंगावरची वरची त्वचाही सतत झिजून पडते. पण ती कोंड्यासारखी, कणाकणाने. सापाचे तसे नाही. त्याची वरची कातडी काही काळ स्वस्थ असते. मग तिच्याखाली, जुने अंगावर असतानाच, नव्या वेष्टनाचे सारे थर एकदम तयार होऊ लागतात. म्हणजे काही दिवस सापाच्या अंगावर दोन सदरे असतात. आतला नवा, बाहेरचा जुना. नवा पुरा झाला की दोहोंमधला दुवा विरघळतो आणि जुना सुटतो. दोन थरांच्या मध्ये चालणारे हे बदल आणि तेथे साचणारा द्रव, यांमुळेच डोळा दुधी दिसतो. सापाला आपल्यासारख्या उघडमिट करणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर चष्म्याच्या काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते आणि तेही प्रत्येक कातीबरोबर बदलते. कात नीट पाहिलीत तर डोक्यावर दोन इवल्या, उभार काचा दिसतील.

यावरून जुन्या तीन समजुतींचा निकाल लागतो. साप आंधळा होतो काय? नाही, काही दिवस त्याला धुरकट दिसते, इतकेच. साप तरुण होतो काय? नाही, म्हातारा सापही कात टाकतो आणि म्हाताराच राहतो. कात केवळ वाढीसाठी असते काय? तीही पुरी गोष्ट नव्हे. वाढ जवळजवळ थांबलेला सापसुद्धा कात टाकतो, कारण झिजलेले, खरचटलेले वेष्टन बदलावेच लागते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचाही या चक्रावर ताबा असतो. ती काढून टाकली तर साप अधिक वेळा कात टाकतो, असे प्रयोगांत दिसले आहे. आणखी एक गंमत. मकासाप एवढा नारिंगी, पण त्याची कात जवळजवळ बिनरंगी! रंगाच्या मुख्य पेशी खालच्या थरात राहतात. वरच्या वेष्टनाबरोबर त्या जात नाहीत. शिवाय कात सापापेक्षा लांब भरते, कारण खवल्यांमधली दुमडलेली कातडी निघताना ताणली जाते. तेव्हा कात मापून सापाची लांबी सांगणाऱ्याच्या गोष्टीतून थोडी लांबी वजा करावी.

पाळीव सापाने आणखी एक धडा दिला आणि तो माणसाला लाज आणणारा आहे. रानात साप ओलसर बिळात, पाल्याखाली दडतो. त्यामुळे कात मऊ राहून एकसंध निघते. काचेच्या पेटीतली हवा दिव्याच्या उबेने कोरडी पडते. मग कात तुकड्यातुकड्यांनी निघते. शेपटीच्या टोकाशी तिचे कडे राहिले तर रक्त पोचत नाही आणि टोक वाळून झडते. डोळ्यावरची जुनी काच राहून जाते. काही मालक ती चिमट्याने ओढायला गेले आणि सापाचा डोळा कायमचा दुखावला. उपाय साधाच होता: पेटीत ओल्या शेवाळाची एक दडायची जागा, घासायला खडबडीत लाकूड, अडकलीच कात तर कोमट, उथळ पाणी आणि धीर, तरीही न सुटल्यास जनावरांचा डॉक्टर. जे काम निसर्गात आपोआप होते, त्यात अडथळा माणसानेच आणला आणि मग जबरदस्तीही त्यानेच केली.

हे वाचून कोणी घरी साप पाळण्याचा बेत करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातले साप पकडणे, बाळगणे आणि त्यांचे खेळ करणे यांस मनाई आहे. परदेशी प्राण्यांसाठी सरकारचे नियम निराळे आहेत. पण कातीचे ज्ञान आपल्या कामाचे नाही असे मात्र समजू नका. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. त्यांतली बहुतेक खेड्यातली. म्हणून सापाची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ती डोळस असावी, एवढेच म्हणेन.

कातीवर आलेला साप दिसला, तर 'आंधळा आहे, काय करतो' म्हणून त्याच्याजवळ जाऊ नका. धुरकट दिसत असल्यामुळेच तो लवकर बिथरतो. घरात कात सापडली, तर घर सोडून पळू नका आणि तिची पूजाही मांडू नका. कातीत विष नसते. साप येथून गेला, एवढाच तिचा निरोप आहे. कदाचित तो जवळही असेल. म्हणून फटी बुजवा, अडगळ हलवा, उंदरांचा बंदोबस्त करा, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता १०८ वर फोन करून थेट रुग्णालय गाठा.

आणि शिक्षक मित्रहो, शाळेच्या वाटेवर कात दिसली, तर आजूबाजूला साप नाही याची आधी खात्री करून घ्या आणि मुलांना ती पडली आहे तेथेच, हात न लावता दाखवा. पाठीवरचे खवले लहान आणि पोटावरच्या पट्ट्या रुंद का, ते विचारा. घोणशीच्या पाठीवरच्या खवल्यांवर मधोमध कणा असतो, मण्यारीच्या पाठीवर मधली ओळ मोठ्या षट्कोनी खवल्यांची असते. हे सारे कातीत उतरलेले असते. डोळ्यांच्या काचा शोधायला सांगा. आतली बाजू बाहेर कशी आली, हे पायमोजा उलटून दाखवा. मग गिल्गमेशची गोष्ट सांगा.

साप कात टाकतो ती त्याच्या इच्छेने नव्हे. आत नवे तयार झाले की जुने आपोआप सुटते. समजुतींचेही बहुधा तसेच असावे. नुसती टीका करून जुनी समजूत ओरबाडली तर जखम होते आणि ती आणखी घट्ट चिकटते. आत नवे ज्ञान पुरते तयार होऊ द्यावे लागते. ते काम कायद्याचे थोडे आणि शाळेचे फार आहे.